पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचं रक्त

घरात अंडं शिजत नाही, झुरळ मारायचं तर आधी दहा वेळा विचार होतो, आणि रात्री जेवणं उरकली की ओटीटीवर माणसं कापणाऱ्या मालिकेचे तीन भाग सलग पाहिले जातात. हे ढोंग आहे का? विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात: ‘ते सगळं खोटं असतं हो’ किंवा ‘मनातच हिंसा आहे, म्हणून आवडतं’. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं, आणि आपलं तत्त्व नेमकं कशाबद्दल आहे, हे कोणी विचारतच नाही. ते विचारलं की बऱ्याच ठिकाणी विसंगती उरत नाही, आणि जिथे उरते ती जागा रक्ताच्या प्रमाणावरून ठरत नाही.

आधी एक गुंता सोडवू. ‘हिंसा पाहून माणूस हिंसक होतो का’ हा संशोधनाचा प्रश्न आहे आणि ‘हिंसा पाहणं माझ्या तत्त्वात बसतं का’ हा वेगळा. पहिल्यावर साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बदडताना पाहिलेल्या मुलांनीही त्याला बदडलं. (बाहुला मुळात मार खायलाच बनवलेला होता, हा आक्षेपही तितकाच जुना आहे.) ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या हजारेक ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध दिसला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये काढलेला सूर असा: आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. समजा उद्या परिणाम शून्य आहे असं सिद्ध झालं, तरी दुसरा प्रश्न जागच्या जागी राहतो. दुसऱ्याचं पत्र चोरून वाचल्याने त्याचं काही नुकसान झालं नाही, म्हणून ते वाचणं योग्य ठरत नाही.

भीती, संताप, किळस या गोष्टी आयुष्यात कोणी मागून घेत नाही. मग पडद्यावर त्यांची गोडी का लागते? भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यांत रौद्र, भयानक, बीभत्स हे तिन्ही आहेत. म्हणजे हे कोडं आपल्याकडे नाटकाइतकंच जुनं आहे. त्याची सर्वांत बारीक उकल काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी केली. उदाहरण त्याने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं घेतलं: दुष्यंताच्या रथापुढे पळणारं हरिण, मान वळवून मागे बघणारं, धापा टाकताना तोंडातलं अर्धवट चघळलेलं गवत वाटेवर सांडणारं. प्रेक्षकाला तिथे भीती जाणवते, पण ती ‘मला वाटणारी’ नसते आणि समोरच्या नटाचीही नसते. ती कोणा एकाची उरत नाही, म्हणून तिच्याबद्दल काही करावं लागत नाही. पळायचं नाही, वाचवायचं नाही. कृतीतून सुटलेली भीती चाखता येते. त्याने या चाखण्यातली विघ्नंही सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला असणं. ज्याच्या घरी महिन्याभरापूर्वी अपघात झाला आहे त्याला पडद्यावरचा अपघात रंगत नाही, तो उठून बाहेर जातो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट मिरचीवरून मांडली. ठेच्याने जीभ भाजल्याचा इशारा शरीर देतं, पण खरं काही भाजलेलं नाही हे मनाला माहीत असतं, आणि या दोन्हींतल्या फटीतूनच मजा येते.

रस मानणाऱ्या याच परंपरेने दाखवण्यावर मात्र बंधन घातलं होतं. युद्ध, राज्य जाणं, मृत्यू, नगराला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातल्या, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातल्या, पात्रांच्या तोंडून कळवाव्यात, असं नाट्यशास्त्र सांगतं. चव मान्य होती. ताटात किती वाढायचं, याचा विचार वेगळा होता.

आता सूडपटाची यंत्रणा पाहू, कारण ‘मला मारामारी आवडते’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना मारामारी फारशी आवडत नसते. तसं असतं तर चित्रपटाची पहिली पंधरा मिनिटं आणि क्लायमॅक्स यांत फरक वाटला नसता. क्लायमॅक्सला टाळी पडते ती आधीच्या दीड तासाच्या मशागतीमुळे. अन्याय जवळून दाखवतात: बळीचा चेहरा, हात, घर, देवघरातला फोटो. मग कायद्याची दारं एकेक करून बंद होतात. ठाण्यात तक्रार घेत नाहीत, साक्षीदार फिरतो, वकील विकला जातो. खलनायकाला आई दाखवत नाहीत, दाखवली तर तीही त्याच्यासारखीच. पहिला घाव त्याचा. नायक एकदा सोडून देतो, एकदा बजावतो. एवढं झालं की प्रेक्षकाच्या मनात परवानगी तयार झालेली असते आणि तिसऱ्या वेळी उचललेला कोयता त्याला न्याय वाटतो. डॉल्फ झिलमन या संशोधकाने याचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक, पात्राबद्दल आपलं मत आधी बनतं आणि आनंद त्या मतावर ठरतो: वाईट माणसाचं वाईट झालं की बरं वाटतं. दोन, आधीच्या ताणाने वाढलेले ठोके लगेच उतरत नाहीत. पुढचा क्षण सुटकेचा आला की ती शिल्लक उत्तेजना आनंदाच्या खात्यावर जमा होते. भीती जितकी जास्त, तितकी नंतरची टाळी मोठी.

उरलेलं काम आवाज करतो. नटाची मूठ समोरच्याच्या गालापासून काही इंच लांबून जाते. कॅमेरा अशा कोनात असतो की मधली जागा दिसत नाही. ठोसा ऐकू येतो तो नंतर स्टुडिओत तयार केलेला. हाड मोडल्याचा आवाज अनेकदा सेलरीचे देठ मोडून काढतात. रक्त म्हणजे बऱ्याचदा कॉर्न सिरप आणि खाण्याचा लाल रंग. आवाज पूर्ण बंद करून आवडतं ॲक्शन दृश्य पाहा. मजा जवळजवळ गेली, तर तुम्हाला आवडत होता तो ताल. नृत्य आवडावं तशीच ती आवड आहे आणि तिचं अहिंसेशी काही भांडण नाही. आवाजाशिवायही त्या माणसाचं तडफडणं पाहत राहावंसं वाटलं, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

कारण ‘माझं तत्त्व अहिंसा आहे’ हे वाक्य माणसं निदान तीन अर्थांनी म्हणतात.

पहिला अर्थ कृतीचा: मी कोणाला इजा करणार नाही, माझ्यामुळे कोणाला होऊ देणार नाही. या अर्थाने काल्पनिक हिंसेशी वाद नाही. तपासायचं एवढंच, की ती खरोखर काल्पनिक होती का. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंगळुरूजवळ तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणात हेलिकॉप्टरमधून उडी मारलेले दोन कलाकार बुडून मेले. दृश्य खोटं होतं, पाणी खरं होतं. प्राण्यांचंही तसंच. भारतीय चित्रपटात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांनुसार नोंदणी आणि ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते. सुरुवातीला झळकणारी ‘प्राण्यांना इजा झालेली नाही’ ही पाटी त्या प्रक्रियेचा भाग असते. शाकाहारी प्रेक्षकाने रक्त किती सांडलं ते मोजण्यापेक्षा ही पाटी वाचावी, ते तत्त्वाशी जास्त प्रामाणिक आहे.

दुसरा अर्थ संकल्पाचा, आणि इथे जैन परंपरेतली यशोधराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोमदेवसूरीने ती दहाव्या शतकात संस्कृतात विस्ताराने लिहिली. इतर भाषांतही ती अनेकांनी सांगितली आहे. यशोधर राजाला वाईट स्वप्न पडतं. आई सांगते, देवीला पशूचा बळी दे. तो जीवहत्येला नकार देतो. आई हटून बसते. शेवटी तडजोड होते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. राजा देवीपुढे तलवार चालवतो. रक्त नाही, जीव नाही, मेलं कोणीच नाही. तरीही त्या एका घावाचं फळ म्हणून आई आणि मुलगा मोर, कुत्रा अशा जन्मांमागून जन्मांत भटकतात, कधी एकमेकांच्याच हातून मरतात.

‘ते खोटं असतं’ या उत्तराला इतका थेट छेद दुसऱ्या कुठल्या गोष्टीने दिलेला नाही. मात्र ती नीट वाचायला हवी. राजाने पिठाचा कोंबडा पाहिला नव्हता, कापला होता. आणि कापताना हे खऱ्या कोंबड्याच्या जागी आहे, देवीने तसंच मानावं, असा त्याचा संकल्प होता. प्रेक्षकाचा असा संकल्प नसतो. पण जैन आचारशास्त्र पाहणाऱ्यालाही अगदी मोकळं सोडत नाही. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, व्रतांत अनर्थदंडविरती आहे, म्हणजे विनाकारण होणारा दोष टाळणं. दिगंबर ग्रंथांत त्याचे पाच प्रकार येतात, त्यांत अपध्यान म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतत बसणं आणि दुःश्रुती म्हणजे मन कलुषित करणारं ऐकणं हे दोन आहेत. शिवाय रौद्रध्यानाच्या, म्हणजे क्रूर विचारांत मन गुंतण्याच्या, चार प्रकारांतला पहिला हिंसेत आनंद मानण्याचा. म्हणून जो ही व्रतं पाळतो त्याने ‘मी कोणाला मारलं नाही’ असं म्हणून चालणार नाही, त्याच्या व्रताचा विषयच आनंद कशात घेतला हा आहे. त्याला विसंगती आहे, आणि ती मान्य करणं सोयीस्कर पळवाटेपेक्षा बरं. जो जन्माने त्या घरातला आहे पण व्रत घेतलेलं नाही, त्याच्यावर इतर कोणी हा नियम लादण्याचं कारण नाही.

तिसरा अर्थ मन घडवण्याचा. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात तालपुट नावाचा नटांचा म्होरक्या बुद्धांना विचारतो: रंगमंचावर लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असं जुने आचार्य सांगायचे, आपण काय म्हणता? बुद्ध म्हणतात, हे विचारू नकोस. तो पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा उत्तर मिळतं: ज्यांच्या मनातला राग, द्वेष, मोह गेलेला नाही अशा लोकांपुढे तो तेच आणखी वाढवणाऱ्या गोष्टी ठेवतो. तालपुट रडतो, उत्तर कडू लागलं म्हणून नव्हे, इतकी वर्षं गुरूंनी फसवलं म्हणून. ब्रह्मजाल सुत्तात भिक्षूने टाळायच्या खेळांची यादी आहे. हत्तींची, रेड्यांची, मेंढ्यांची, कोंबड्यांची झुंज, मुष्टियुद्ध, कुस्ती, सैन्याची पाहणी, सगळं तिथे आहे. पण हे भिक्षूंसाठी. गृहस्थाच्या पंचशीलात तमाशा पाहू नये असं कलम नाही. ते उपोसथाच्या, म्हणजे उपवासाच्या दिवसाच्या, आठ शीलांत येतं. म्हणजे धम्म पाळणाऱ्या घरात प्रश्न बंदीचा नाही, पाहून झाल्यावर द्वेष वाढला की नाही याचा आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं अहिंसेचं लांबलचक वर्णनही याच जातीचं आहे: पाऊल कसं पडतं, नजर कशी पडते, बोलणं कसं निघतं, आणि हे सगळं आधी मनात असतं म्हणून बाहेर येतं. त्याच महाराष्ट्रात अफझलखानवधाचा पोवाडा डफावर ऐकताना अंगावर रोमांच येतात, नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि गोव्यात नरकासुराचे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. यात कोणाला विरोधाभास वाटत नाही, आणि बहुधा नसतोच. कारीट चिरडणाऱ्याला कोणा शेजाऱ्याचा राग आलेला नसतो. पुतळ्याला शेजाऱ्याचा चेहरा लावला, तर मात्र गोष्ट बदलते.

सर्वांत खरी विसंगती मात्र अहिंसावाद्यांकडे दिसत नाही. ती कायद्याचं राज्य मानणाऱ्यांकडे दिसते.

मुंबईच्या टोळीयुद्धावरचे चित्रपट आणि एन्काउंटर हे समीकरण आपल्या परिचयाचं आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मारली गेली, त्यावरची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने अशा मृत्यूंच्या चौकशीसाठी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या: गुन्हा नोंदवणं, स्वतंत्र यंत्रणेकडून तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी, शौर्यपदकाची घाई नको, वगैरे. या सूचना योग्य आहेत असं मानणारा माणूस चित्रपटात पोलिसाने गुंडाला भिंतीशी उभं करून गोळी घातली की शिट्टी वाजवतो. का? कारण चित्रपटाने त्याला अशी गोष्ट दिली आहे जी आयुष्यात कोणाकडेच नसते: खात्री. गुंडाने खून केला तेव्हा कॅमेरा खोलीत होता, म्हणजे आपणही होतो. साक्षीदार खोटा आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण लाच देताना आपण पाहिलं. अशी खात्री असती तर खटल्याची गरज उरली नसती. न्यायालयं आहेत ती खात्री नसते म्हणून.

त्यामुळे थिएटरात शिट्टी वाजवणं हे तत्त्वाविरुद्ध नाही, तिथे पुरावा पूर्ण आहे. विसंगती सुरू होते ती ही खात्री बाहेर घेऊन गेल्यावर. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातल्या चार संशयितांना पोलिसांनी मारलं, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची हकिकत अविश्वसनीय ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. फुलं उधळणाऱ्यांपैकी कोणीही गोळ्या झाडल्या तेव्हा तिथे नव्हतं. पण वाटलं असं की आपण सगळं पाहिलंय.

यालाच जोडून खऱ्या हिंसेच्या व्हिडिओंची गोष्ट, आणि ती थोडक्यात संपते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. तो व्हिडिओ पाहणं आणि चित्रपटातलं मारहाणीचं दृश्य पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डोळ्यांना दिसणारं चित्र सारखं असलं तरी. इथे अभिनवगुप्ताचा नियम लागू होत नाही. समोरची भीती कोणा एका माणसाची आहे, त्याला नाव आहे, घरी माणसं आहेत, आणि तिच्याबद्दल काहीतरी करणं शक्य होतं. अशी क्लिप पुढे पाठवणं कुठल्याच अर्थाच्या अहिंसेत बसत नाही. सीसीटीव्हीतले खून पार्श्वसंगीत टाकून फिरवणारी पानंही याच खात्यात येतात.

गेमचं काय? तिथे आपण प्रेक्षक कमी आणि यशोधर जास्त असतो, कारण बटण आपल्या बोटाखाली आहे. पण बहुतेक गेममध्ये संकल्प ‘याला मारावं’ असा नसून ‘ही फेरी जिंकावी’ असा असतो, बुद्धिबळात वजीर मारावा तसा. ज्या गेममध्ये निष्पाप माणसाला छळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, किंवा जाता येत असूनही छळायची सोय मुद्दाम दिलेली असते आणि आपण ती वापरतो, तिथे थांबून बघावं.

मुलांच्या बाबतीत तत्त्वचर्चेपेक्षा पाटी उपयोगी. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी असते, शेजारी ‘हिंसा’, ‘भाषा’ असे कारणदर्शक शब्दही असतात, आणि १३+ पासून वर पालकांसाठी लॉक देणं बंधनकारक आहे. चित्रपटगृहांसाठीही सेन्सॉर बोर्डाने हेच तीन यूए गट आता स्वीकारले आहेत. लॉक चालू करायला पाच मिनिटं लागतात, पण तो पिन मुलाच्या वाढदिवसाची तारीख ठेवला तर मुलगा तो त्याच संध्याकाळी उघडतो.

मोठ्यांनी स्वतःपुरतं तपासायचं असेल तर अख्खा चित्रपट घेऊन बसू नये, एकच दृश्य घ्यावं, ज्यात तुम्हाला सर्वांत जास्त मजा आली ते. आवाज बंद करून पाहण्याची परीक्षा वर आलीच. दुसरी, मार खाणारा बदलून पाहायचा: तोच मार, तीच कारणं, पण माणूस तुमच्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा. मजा टिकली तर ती न्यायाची होती. गेली तर खलनायकाच्या नावाने आधीच अर्धं काम केलं होतं, आणि हेच सर्वाधिक सापडतं. तिसरी, मेलेल्यांची मोजणी: खलनायकापर्यंत पोचताना नायकाने किती पगारी माणसं मारली आणि त्यांतल्या कितींनी काय गुन्हा केला हे दाखवलंय? चौथी, दुसऱ्या दिवशीचं दृश्य आहे का. महाभारतात भीम दुःशासनाचं रक्त पितो, पण पुढे स्त्रीपर्वात गांधारी त्याला त्याबद्दल जाब विचारते आणि त्याला सांगावं लागतं की ते रक्त ओठ-दातांच्या आत गेलं नव्हतं. ज्या कलाकृतीत अशी गांधारी येते, तिथला रक्तपात कितीही असला तरी ती प्रेक्षकाचं मत गोठू देत नाही. ज्यात शेवटच्या गोळीनंतर लगेच नाचगाणं आणि श्रेयनामावली येते, तिथे हा प्रश्न प्रेक्षकालाच विचारावा लागतो.

गेममध्ये ही तपासणी आणखी सोपी आहे. अनेक गेमच्या सेटिंगमध्ये रक्त बंद करायचा पर्याय असतो. आठवडाभर तो बंद ठेवून तोच गेम, त्याच मित्रांबरोबर खेळा. खेळ तेवढाच रंगला तर पर्याय तसाच बंद राहू द्यायला हरकत नाही.